गुलाबभाऊंचा डाव्या हाताचा चाकू

"चाकू लय देखना झाला मिस्त्री, पन काम नाही करून राह्यला," असं म्हणत गुलाबभाऊंनी ओलं फडकं सोडलं आणि कलमासाठी कापलेल्या आंब्याच्या बारा काड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. आठ काड्या तासून वाया गेल्या होत्या. चार शाबूत होत्या. ज्या झाडाच्या त्या काड्या, ते झाड आदल्याच दिवशी तोडलं होतं.

मी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. रिटायर झालो, तरी हात स्वस्थ बसेनात. शेलूबाजारच्या बाजारात घडीचे चाकू मिळतात, सगळे एका साच्यातले. ते आणायचे, रिव्हेट काढून खोलायचे, प्लास्टिकची मूठ फेकून सागवानाची बसवायची आणि ज्याचा त्याला शोभेल असा चाकू करायचा, ही माझी हौस. बायको म्हणते, "गावाचे चाकू सजवता, घरात भाजी चिराले एक धड नाही." तिचं खरं आहे.

गुलाबभाऊ म्हणजे आमच्या भागातले कलम बांधणारे. संत्रा असो की आंबा, अर्ध्या तालुक्याच्या बागा त्यांच्या हातच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला आणि उजव्या हाताची पकड गेली. जेवण, दाढी सगळं ते डाव्या हाताने शिकले. त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक गावरान आंबा होता. मी सायकलवर ड्युटीला जायचो, तेव्हा त्याच्याखाली थांबून पडलेले आंबे वेचायचो आणि पहिल्या पाळीला चिकट हातांनी पोचायचो. तसा वास मला पुन्हा कुठल्याच आंब्याला आला नाही. भावांच्या वाटणीत ते शेत विकलं गेलं आणि घेणाऱ्याने झाड तोडायचं ठरवलं.

झाड तुटायच्या आत त्याची कलमं बांधून ठेवायची, म्हणून गुलाबभाऊ माझ्याकडे आले होते. घडीचा चाकू उघडायला पात्यावर नखाची खाच असते. ती उजव्या हातासाठी एकाच बाजूला असते. डाव्या हाताने त्यांना आपला कलमाचा चाकू उघडताच येईना.

मी म्हटलं, "दुसऱ्याकडून बांधून घ्या ना, भाऊ."

"जिंदगीभर दुसऱ्याच्या झाडाचे कलम बांधले. माह्या बापाचं झाड मी दुसऱ्याच्या हातानं बांधू? मले डाव्या हाताचा चाकू करून द्या."

त्यांच्याच चाकूवर मी तीन दिवस खपलो. पात्याला डाव्या अंगठ्यासाठी गुंडी बसवली. मूठ त्यांच्या डाव्या मुठीच्या मापाने घासली. जुन्या पंपाच्या बुशमधून पितळी रिव्हेट केले. पात्याला असं पॉलिश दिलं की तोंड पाहावं. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला, लोकांनी वाहवा केली. गुलाबभाऊंनी एका हाताने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

आणि चार दिवसांनी या आठ काड्या.

मी एक काडी उचलली. तासलेला भाग सपाट हवा, तो वाटीसारखा खोल आला होता. असा काप रोपाच्या कापाला चिकटत नाही. मध्ये फट राहते आणि कलम वाळतं. चूक मला लगेच कळली.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. सपाट बाजू लाकडाला लागून चालते, म्हणून काप सरळ येतो. हात बदलला की उतारही दुसऱ्या बाजूला हवा. मी गुंडी बदलली, मूठ बदलली, रिव्हेट बदलले. धार मात्र उजव्या हाताचीच ठेवून तिला वरून चकाकी दिली. जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्टीची धार कुठल्या बाजूला, हे मी डोळे मिटून सांगायचो, आणि इथे डोळे उघडे असून चुकलो.

"भाऊ, चूक माही आहे. पन तुमी काहून नाही बोलले?"

"मले वाटलं, तुमाले ठाऊक असन," ते म्हणाले. मग अगदी शांतपणे, "तुमी चाकू माह्यासाठी नाही केला मिस्त्री. फोटोसाठी केला."

ते खरंच होतं.

ग्राइंडरवर घाई केली तर पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे धार टिकत नाही. म्हणून दगडावर हातानेच घासायला बसलो. जुना उतार पूर्ण घासून टाकला, सपाट बाजूने नवा काढला. पातं एक सूत बारीक झालं, पॉलिशवर ओरखडे पडले. गुलाबभाऊ समोर बसून काड्यांच्या फडक्यावर पाणी शिंपडत होते. दुपार कलली तेव्हा मी चाकू त्यांच्या हातात दिला. वाया गेलेल्या काडीवर त्यांनी एक काप घेतला, जिभेने ओला केला आणि उजेडात धरला.

"आता जमते," एवढंच म्हणाले. त्यांच्याच अंगणात, कोयीच्या चार रोपांवर त्यांनी चारही कलमं बांधली. उजव्या हाताच्या मनगटाने रोप दाबून धरायचं आणि कलम बांधायची पट्टी दातांनी ओढायची. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

दोन कलमं जगली. बाराही जगली नसती, हे ते स्वतःच सांगतात. पण आठ काड्यांना जगायची संधीसुद्धा मिळाली नाही, हे मला सलतं.

आता कोणी चाकू घेऊन आला की मी आधी त्याच्या हातात काडी देतो आणि म्हणतो, कापून दाखव. मूठ कुठल्या लाकडाची, ते मग ठरतं.