पिवळ्या चिठ्ठ्यांचा माणूस

हा गृहस्थ मूळचा वडवणीचा, आता पुण्याचा. दर महिन्याला नेकनूरला आमच्या बचत गटाच्या खोलीत येतो. यादी करून माणसं जमवते मी. लोकांचं ऐकून घेणं ही त्याची नोकरी, पण आधी तो स्वतःचंच ऐकवतो: इंजिनिअर झालो, पाण्याच्या मोटारी विकल्या, मग कोर्स केला आणि 'माणूस केंद्रस्थानी' ठेवून डिझाइन करायला लागलो. तोवर माझ्या यादीतल्या दोघी उठून घरी गेलेल्या असतात.

या खेपेला त्यानं डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप आणलं होतं. मोतीबिंदू झालेल्या सोजरमावशीचा त्यावर काही केल्या नंबर लागत नव्हता. त्यानं फोन पुन्हा तिच्या हातात दिला आणि मऊ आवाजात विचारलं, "मावशी, हे हिरवं बटण बघून तुम्हाला काय वाटलं?"

"बटण दिसलं असतं तर डोळ्याच्या दवाखान्यात नंबर काहून लावला असता, बाबा?"

त्यानं आनंदानं मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात इनसाइट!" मावशीचं वाक्य पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं, फोटो काढला आणि बस गाठायला पळाला. नंबर लावायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन बीडच्या दवाखान्यात गेले आणि खिडकीवर रांगेत उभं राहून नंबर लावला. परतताना तिनं काळजीनं विचारलं, "त्या बाबाचं काम झालं का गं? लई लांबून आलता."

"त्याचं कालच झालं, मावशी."