रेमेदिओसचा मालक कोण?

रेमेदिओस ताबांगकुरा बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शब्द घालायची सोय नसे, पण गायला लागली की तोच माणूस मुकाट ऐकत बसे. स्टॉकटनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात फोन उभा करून ती एका कंपनीच्या वाहिनीवर गायची. लोक फर्माइशी पाठवायचे. मालक ब्रेट लॉस एंजेलिसला बसून तिच्या कानातल्या इअरफोनमधून हुकूम सोडायचा. हनुवटी वर, दिवा डावीकडे, जरा हस. कुठला झगा घालायचा, किती वाजता बसायचं, तेही तोच ठरवणार. करारात मात्र ती ‘स्वतंत्र कलाकार’! घ्या, नावाला स्वतंत्र आणि शिंकायची चोरी.

एक दिवस ब्रेटने तिला काढून टाकलं. म्हणे, प्रेक्षकांना कोवळे चेहरे हवेत. रेमेदिओसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळा तोच, पट्टी तीच, मग सुरकुत्यांनी काय घोडं मारलंय? नवरा नार्दो म्हणाला, सोड, बड्या लोकांच्या नादी कशाला लागायचं. तिनं सोडलं नाही. मैत्रिणीची लेक ओफेलिया वकील होती, तिला गाठलं.

ओफेलिया म्हणाली, “मावशी, वयावरून नोकराला काढता येत नाही. पण तो कायदा नोकरांसाठी आहे. तुम्ही नोकर होतात हे आधी ठरायला हवं. नाहीतर तुमची तक्रार कुणी ऐकूनही घेणार नाही.”

सुनावणी व्हिडिओवर होती. रेमेदिओस नेहमीच्याच जागी बसली, पण भीतीनं पार आक्रसून. ब्रेटच्या वकिलानं तोंडभरून सांगितलं की बाई मनाच्या राणी होत्या, आमच्या अशिलानं त्यांना कधी काही सांगितलंच नाही. ब्रेट पडद्याकडे बघत चुळबुळत होता. त्याला राहवेना.

“रेमी, हनुवटी वर,” तो पटकन बोलून गेला. “दिवा डावीकडे घे, चेहरा दिसत नाहीये.”

आणि रेमेदिओसनं दिवा डावीकडे सरकवला. हनुवटी वर केली. वर गोड हसलीसुद्धा.

ब्रेटच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. ओफेलियानं ओठ चावून हसू दाबलं. शेगडीपाशी उभ्या नार्दोला मात्र खोकल्याचा ठसका लागला.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, “तुम्ही लगेच ऐकलंत त्यांचं?”

“ऐकलं नाही तर पुढचा कार्यक्रम मिळत नाही, बाईसाहेब,” रेमेदिओस म्हणाली. “अंगवळणी पडलंय.”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, ही नोकरीच होती, आता मला आणखी साक्ष नको. वयाची तक्रार चालेल. मग त्यांनी तिचं वय विचारलं.

प्रेक्षकांना एकोणचाळीस सांगायचं, असा ब्रेटचा दंडक होता. इतकी वर्षं तिनं तेच सांगितलं होतं, आणि दर वेळी तिला स्वतःची लाज वाटली होती.

“चौपन्न,” रेमेदिओस खणखणीत आवाजात म्हणाली. “येत्या मार्चमध्ये पंचावन्न.”