डाव्या हाताचा अंगठा

“हाड शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण दोन बोटांचे फ्लेक्सर टेंडन तुटलेत.”

मी स्ट्रेचरवर होतो. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि फ्लेक्सर म्हणजे बोट वाकवणारी. ती तुटली की बोट सरळच राहतं, मूठ मिटत नाही. डॉक्टरांनी स्वतःचं बोट वाकवून दाखवलं. माझ्या उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल देवरावभाऊंचा होता. तेच मला कारखान्यातून घेऊन आले होते. मी रडत होतो आणि ते माझ्या केसांतून हात फिरवत होते.

मी हुडकेश्वरला राहतो. एमआयडीसीतल्या खोके बनवणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षं पंचिंग मशीन चालवली. पुठ्ठा आत सरकवला की मशीन तो कापते. तिच्या तोंडाशी सेन्सर असतो. चुकून हात आत गेला तर तो मशीन थांबवतो. आमचा सेन्सर महिनाभर बिघडलेला होता, उगाचच मशीन थांबवायचा. संत्र्याचा हंगाम होता आणि काटोलच्या व्यापाऱ्यांना खोके वेळेवर हवे होते. सुपरवायझर देवरावभाऊंनी स्वतः वायर जोडून सेन्सर बंद करून टाकला.

“चालव गा,” ते म्हणाले, “माल गेला का दुरुस्त करून घेऊ.”

मी चालवली. ही मशीन मला त्यांनीच शिकवली होती. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. चौथ्या दिवशी अडकलेला पुठ्ठा काढताना हात आत गेला.

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावभाऊ केळी आणि दोन कागद घेऊन आले. वेदनाशामक इंजेक्शनमुळे मला समोरचं धड दिसत नव्हतं.

“रजेचा अर्ज आहे गा. सही कुठून करशीन? डावा अंगठा देऊन टाक.”

माझी बायको ज्योती म्हणाली, “वाचून तं घ्या न आधी.”

“भाऊ आहेत ते,” मी तिच्यावरच खेकसलो. मी बी.कॉम. शिकलेला माणूस, आणि न वाचता दोन्ही कागदांवर अंगठा दिला.

सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये होता. स्प्लिंट म्हणजे बोटं ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा. मग फिजिओथेरपी सुरू झाली. ओला नॅपकिन पिळायचा, ताटलीतले मसुराचे दाणे एकेक उचलायचे. पहिल्या दिवशी मला तीनच दाणे उचलता आले. देवरावभाऊ दर रविवारी घरी येत, चहा घेत आणि मशीन माझी वाट पाहते म्हणत.

शेवटी डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं. त्यावर लाइट ड्युटी लिहिलं होतं, म्हणजे जड काम नको, मशीन नको. कामावर जायच्या दिवशी मी शर्टाची बटणं स्वतः लावली. त्याला बराच वेळ लागला, पण लावली.

ऑफिसात क्लार्कनं माझ्यासमोर एक पत्र ठेवलं. ताकीद होती. सोबत अपघाताचा अहवाल होता आणि त्यात लिहिलं होतं, कामगाराने स्वतःच सेन्सर बंद केला. खाली माझा डावा अंगठा. साक्षीदार म्हणून देवरावभाऊंची सही.

मी ते तीनदा वाचलं. मग कॅन्टीनमध्ये देवरावभाऊंकडे गेलो.

“काहून केलं भाऊ?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. “मॅनेजरनं लिहून देल्लं होतं. दोन वर्षं राहिली गा माही नोकरीची. माह्यावर आलं असतं तं घरीच बसवलं असतं मले. तू जवान आहेस, तुले काय होते?”

“आणि दर रविवारी येत होते ते?”

त्यांनी उरलेला चहा संपवला. त्या रविवारांचा मला अहवालापेक्षा जास्त राग आला.

आठवडाभर मी व्यायाम केला नाही. बोटं पुन्हा आखडली. फिजिओथेरपीच्या मॅडम रागावल्या. “हात तुमचा आहे. दुसऱ्याचा राग त्याच्यावर कशाला काढता? उद्यापासून रोज एक पान लिहून आणा.”

काय लिहू ते सुचेना, म्हणून झालं तेच लिहू लागलो. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं होतं. पाच पानं झाल्यावर ज्योतीनं वाचली. “हा तं अर्जच झाला न,” ती म्हणाली. आम्ही तो कारखाना निरीक्षकांकडे दिला.

बऱ्याच दिवसांनी निरीक्षक आले. मॅनेजरसमोरच त्यांनी एकेकाला विचारलं. ज्यांच्यासोबत मी अकरा वर्षं डबा खाल्ला, ते म्हणाले, माहीत नाही. देवरावभाऊ म्हणाले, अहवालात आहे तेच खरं. मग चिकटवण्याच्या विभागातली कल्पना पुढे आली. तिच्याशी माझं कधी चार शब्दही बोलणं नव्हतं.

“सेन्सर महिन्याभरापासून खराब होता साहेब. वायर देवरावभाऊनं जोडली. मी समोरच उभी होती.”

नंतर मी तिला विचारलं, “भीती नाही वाटली?”

“वाटली न. पण उद्या त्या मशीनवर मलेच बसवलं असतं तं?”

ताकीद रद्द झाली. नवा सेन्सर लागला. मी आता स्टोअरमध्ये आहे. तर्जनी पूर्ण वाकते, मधलं बोट तळव्यापासून बोटभर अंतरावर थांबतं. डॉक्टर म्हणतात, एवढंच. मलाही ते मान्य झालंय.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच करा. दवाखान्यात आलेला कागद, आणणारा कितीही जवळचा असो, घरच्या माणसाला वाचू द्या. आणि ते माणूस थांब म्हणालं तर थांबा. ज्योती, फिजिओथेरपीच्या मॅडम आणि कल्पना, या तिघींचे उपकार माझ्यावर आहेत. विश्वास मी ज्याच्यावर टाकला होता, तो यांच्यात नाही.

मागच्या आठवड्यात देवरावभाऊ स्टोअरमध्ये आले. “माफ कर गा,” म्हणाले.

“माफी मंग, भाऊ. खरं काय झालं ते आधी लिहून द्या.”

“आता कायले? तुह्यं पत्र तं रद्द झालं.”

“मले पायजे.”

मी कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी पेन परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “चष्मा नाही आणला,” आणि निघून गेले.

चष्मा त्यांच्या खिशातच होता.