मथुराबाईंची घागर

आमच्या बुऱ्हाणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. नाताळ झाला की वर्षाच्या शेवटच्या रविवारी उपदेश नसायचा. ज्याने त्याने उभं राहून शास्त्रातलं आपलं आवडतं वचन म्हणायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. एकाने धरलेलं वचन दुसऱ्याने धरायचं नाही, असा अलिखित नियम. त्यामुळे वचनं माणसांना चिकटूनच गेली होती. मेंढपाळाचं स्तोत्र मालूबाईंचं. त्यांनी जन्मात शेळी पाळली नव्हती, पण नवरा गेल्यावर अंधाऱ्या दरीतही कोणीतरी सोबत असतं, हा धीर त्यांना त्या स्तोत्राने दिला होता. कडू मास्तरांचं वचन थकल्याभागल्यांना विसावा देणारं. नवा मध्यप्रदेश झाला, शाळेत मराठीच्या जागी हिंदी आली आणि मास्तरांना उतारवयात व्याकरण घोकावं लागलं, तेव्हापासून ते वचन म्हणताना त्यांचा आवाज जरा जास्तच थकायचा. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर. येशू रडला, एवढंच वचन म्हणून ते झटकन खाली बसत.

"आळशी माणसाला वचनसुद्धा आटोपशीर लागतं," आई म्हणायची.

"अगं, देव माणसासाठी रडला, याहून जास्त काय सांगायचं असतं?" बाबा म्हणायचे.

मथुराबाई त्याच दवाखान्यात आया होत्या. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांचं वचन म्हणजे वचन नव्हतंच, अख्खी गोष्ट होती. हिस्सा घेऊन घर सोडून गेलेला मुलगा, त्याची झालेली दैना, त्याचं परत येणं. ती गोष्ट सगळ्यांना मुलाची वाटते, मावशींना ती बापाची वाटायची.

"तो बाप पळाला," त्या दरवर्षी सांगायच्या. "पोरगं लांबच होतं अजून, त्याच्या आधीच पळाला. धोतराचा सोगा हातात धरून, भररस्त्यानं. आमच्या गावात घरचा कर्ता असा पळाला तर लोक म्हणतील, याच्या गंजीले आग लागली. अन् हा पोरासाठी पळाला. म्हणून मले तो देव पटला."

बाकीचे माना डोलवायचे. मला मात्र दरवर्षी राग यायचा, मावशींचा नाही, त्यांच्या माहेरचा. इच्छापूरच्या पलीकडे तासभर चाललं की त्यांचं गाव. केळीच्या बागा, घरी सालदार, सगळं व्यवस्थित. मावशी कमी वयात विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. पुढे आजारी पडल्या, बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आल्या, बऱ्या झाल्या, तिथेच कामाला लागल्या आणि एक दिवस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. थोरला भाऊ भाईदास याने तापीवर जाऊन त्यांच्या नावाने आंघोळ केली. बहीण मेली, विषय संपला. आईबाप गेल्याचं मावशींना बाजारात दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

एकदा दुपारी भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या होत्या, "कोकिळे, त्या गोष्टीत थोरला भाऊ पण हाय. तो रागानं बाहेर उभा राहतो अन् बाप बाहेर जाऊन त्याले समजावतो. माहा बाप राहिला नाही. भावाले आता कोण समजावंल?"

मी हातातली गवार मोडत राहिले.

नवं राज्य झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मावशींच्या गावचा कौतिक केळीची गाडी घेऊन इतवाऱ्याच्या बाजारात यायचा. तो त्यांना ओळखायचा, पण बोलायचा नाही. त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, मी शेजारी उभी असताना म्हणाला, "मथुराबाई, तुमची घागर भरतो बरं तुमचा भाऊ. दर अखाजीले."

खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी होतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरच्या मेलेल्यांसाठी पाण्याने घागरी भरतात, वर आंबा ठेवतात, एकेकाचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात.

"लग्न करून दिलेल्या बहिणीची कोणी भरतं का?" कौतिक म्हणाला. "लोक हसतात. पण तो भरतो."

मला वाटलं, जिवंत बाईची घागर भरतात हे ऐकून मावशी कोसळतील. त्या उजळल्या. "माहं नाव घेतो!" एवढंच दिवसभर चाललं होतं. तापाच्या रोग्याला औषध देतानासुद्धा हसत होत्या.

अखाजीला जायचं त्यांनी ठरवून टाकलं. कडू मास्तरांनी समजावलं की मेलेल्यांचा सण आहे, विश्वासी माणसाचं तिथे काय काम? मावशी म्हणाल्या, "मास्तर, लेकींचापण सण हाय."

सोबत मी गेले. इच्छापूरपर्यंत मोटार, पुढे पायी. इच्छापूर मागे पडलं की मुंबई राज्य लागतं म्हणे. केळीच्या बागांना ते कोणी कळवलं नव्हतं, त्या इकडून तिकडे सरळ गेल्या होत्या. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं आणि वाटेत चारदा पदर सारखा केला.

घर पाहून त्या अंगणाच्या कडेलाच थांबल्या. निंबाखाली लेकींचा झोका होता. ओसरीवर घागरी रांगेने मांडलेल्या, प्रत्येकीवर आंबा. भाईदास निखाऱ्यासमोर पाठमोरे बसले होते, केस पांढरे झालेले. त्यांची बायको गोदाबाई ताट धरून उभी होती. ते एकेक नाव घेत होते आणि घास टाकत होते. बापाचं नाव घेतलं. आईचं घेतलं. मग म्हणाले, "मथुरा."

"ओ, भाऊ," मावशी म्हणाल्या.

मुद्दाम नाही. लहानपणापासूनची सवय, हाक आली की ओ. त्या स्वतःच दचकल्या.

भाईदासांचा हात निखाऱ्यावर तसाच राहिला. त्यांनी मान वळवून पाहिलं. गोदाबाईंचे डोळे भरले. "अहो, बाहेर उन्हात उभ्या हायेत, आत तरी..." त्या बोलू लागल्या. भाईदास उठले. रांगेतली एक घागर उचलली, तिचं पाणी निंबाच्या बुडाशी ओतलं आणि घागर पालथी घातली.

"जित्या माणसाची घागर भरत नाहीत," ते म्हणाले आणि घरात गेले.

आम्ही थोडा वेळ थांबलो. कोणी बाहेर आलं नाही. गोदाबाई दारातून बघत होत्या, पण उंबरा ओलांडून आल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मी धुमसत होते. मावशी मात्र आनंदात. "ऐकलंस ना? जिती म्हणाला मले! सगळ्या घरासमोर म्हणाला." मग हिशेब साधाच होता. मेलेलीची घागर थांबली, म्हणजे आता लेकीला मुराळी येणार. पुढच्या अखाजीला घरचं कोणी तरी न्यायला येईल. त्यांचा चेहरा बघवत नव्हता इतका सुखी होता.

पुढच्या अखाजीला त्यांनी सुट्टी घेतली. आधी गोदाबाईंसाठी चोळीचा खण घेतला. सकाळपासून दवाखान्याच्या फाटकापाशी पिशवी घेऊन बसल्या. दुपारी आईने जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "जेवायला तिकडं माह्यासाठी थांबतील." संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून आत आणलं. मुराळी आला नाही. काही दिवसांनी कौतिक भेटला. मी विचारलं, घागर तरी भरली का? तो खाली बघत म्हणाला, "नाही. नाव घेतलं नाही त्यानं."

हे मावशींना मीच सांगितलं. नंतर कित्येक दिवस त्या रोग्यांची अंथरुणं घालताना मध्येच थांबायच्या आणि काय करत होतो तेच विसरायच्या.

वर्षाचा शेवटचा रविवार आला. मालूबाईंचं स्तोत्र झालं, मास्तर थकले, बाबा झटकन बसले. मावशी उभ्या राहिल्या आणि नुसत्या पदर सारखा करत राहिल्या. आमचे पाळक दत्तात्रयसाहेब हळूच म्हणाले, "मथुराबाई, तुमची गोष्ट?"

"गोष्ट तीच हाय, साहेब. तो बाप खराच हाय, त्यात खोट नाही," मावशी म्हणाल्या. "पण आज मंडळीनं माह्यासाठी देवाले मागायचं. माह्या भावानं माही घागर पुन्हा भरावी. मेलेली म्हणून का होईना, वर्सातून एकदा त्या घरात माहं नाव निघत होतं. आता मी मेलेलीपण नाही अन् लेकपण नाही."

साहेबांनी डोळे मिटले, ओठ उघडले, पुन्हा मिटले. कडू मास्तर खोकले. ख्रिस्ती मंडळीने असं मागणं मागायचं तरी कसं, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मावशी हात जोडून उभ्याच होत्या. मग मीच उठून मोठ्याने देवाकडे मागितलं. त्या म्हणाल्या तसंच, तेवढंच.