कानसेनाची थाप

लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा त्याचा धंदा. गाव त्याला कानसेन म्हणायचं, ते निम्मं थट्टेनं. पण हा शहाणा ते बिरुद समजून नाक वर करून फिरायचा. घरचा पियानो मात्र लग्नापासून तसाच. तारा सैल, खालचे सूर घसरलेले. रोज ऐकून त्याला तेच बरोबर वाटू लागलं होतं.

उतारवयात त्याला खूळ लागलं. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली एक जुनी, भयाण कविता होती: पुरलेली नवरी माघारी येते आणि आपल्याच घराचं दार वाजवते. त्या कवितेला चाल लावून गावातल्या गायकवृंदाकडून गाऊन घ्यायची. तो घरच्या पियानोवर चाल बसवायचा, बायको स्वयंपाकघरातून ऐकायची. बाकीची चाल तिच्या मते नुसतं रडगाणं होतं. पण दारावरच्या थापेला तो खालचे तीन सूर एकदम दाबायचा, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

नवरीचं गाणं आपल्यालाच मिळणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. वृंदात तिच्याइतकी जुनी गाणारी कुणी नव्हती आणि चाल तर तिला झोपेतही येत होती. त्यानं ते शिंप्याच्या सुनेला दिलं. वर सगळ्यांदेखत म्हणाला, आमच्या हिला आवाज आहे, पण सुराचा कान नाही. बायका माना खाली घालून हसल्या. तो अपमान तिनं गिळला, पण पचवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं सभागृहातला पियानो स्वतः लावला, एकेक तार चोख. ती तिथंच खुर्च्या पुसत होती. काय होणार ते तिला तेव्हाच कळलं, आणि ती पुसत राहिली.

संध्याकाळी नवरी दाराशी आली. थाप पडली ती इतकी गोड, की जणू शेजारीण साखर मागायला आली आहे. पुढच्या रांगेतला दंतवैद्य फिसकन हसला, मग अख्खं सभागृह.

घरी येऊन त्यानं कोटही न काढता तीच थाप वाजवली. दोघांच्याही अंगावर काटा आला. ती भीती सैल तारांची होती. त्याचं त्यात काडीचं कर्तृत्व नव्हतं.

"सकाळी तू होतीस तिथं," तो म्हणाला. "तुला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना, मला कान नाही म्हणून."