नाक धरून बाहेर

लोणावळ्यात मी शिकले त्या इंग्रजी शाळेत ‘मॉरल सायन्स’ नावाचा विषय होता आणि त्याला मार्क होते. कामशेतच्या ज्या इस्लामी प्राथमिक शाळेत मी आता इंग्रजी शिकवते, तिथे चारित्र्याला मार्क नाहीत. दुपारची नमाज आहे.

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. मध्येच पोटातला वारा सरला की वजू तुटतो. मग रांग सोडायची, टाकीच्या नळावर जायचं आणि पुन्हा वजू करायचा. कुणाचा तुटला हे फक्त त्या मुलीला आणि अल्लाहला ठाऊक. आमच्या हेडबाई, म्हणजे आपा, म्हणतात की खरेपणा शिकवायला याहून सोपी सोय नाही. बाहेर जाताना नाक धरायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की घोळणा फुटला. आमच्याकडे तसं कुणालाच वाटत नाही. नमाजात मोठ्यानं हसलं तर नमाज मोडते, म्हणून मुली नुसते खांदे हलवतात.

दुसरीतली एक मुलगी महिन्यात तीनदा नाक धरून गेली. बाकीच्या तिला ‘टाकी’ म्हणू लागल्या. एकदा वही दाखवताना ती मला म्हणाली, “टीचर, आता मी नाही जाणार. कुणाला कळतंय?”

मी तिची वही तपासली आणि खाली ‘गुड’ लिहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या डब्यात वाटाण्याची उसळ होती. नमाजाला मी मुलींच्या मागे उभी होते. दुपारच्या नमाजात चार रकाती, म्हणजे उठण्या-वाकण्याच्या चार फेऱ्या असतात; दुसऱ्या रकातीत माझा वजू तुटला. आवाज झाला नव्हता. तिसरी रकात मी तशीच काढली. ती मुलगी माझ्यासमोरच होती. शेवटी मी नाक धरलं आणि निघाले. दार सगळ्यात पुढे आहे. माझ्या मागे किती खांदे हलले ते मी पाहिलं नाही.

मी बाह्या सारत होते, तेवढ्यात शेजारचा नळ सुटला. ती होती. एका हातानं नाक धरलेलंच होतं.

“टीचर, माझा पहिल्याच रकातीत तुटलेला.”

“माझा दुसऱ्या रकातीत,” मी म्हणाले.

तिनं जरा विचार केला, नाक सोडलं आणि कोपरापर्यंत हात धुतले, नीट, तीन-तीनदा.

आता शाळेत दोन टाक्या आहेत, मोठी आणि लहान. लहान टाकी मंगळवारीही नळावर गेली होती.