धसईची डोळ्यांची खोली

डॉ. श्रीधर ओतूरकर यांच्या निधनाने नेत्रविज्ञानात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं मुंबईतल्या त्यांच्या नेत्रसंस्थेच्या शोकसभेत संचालकांनी सांगितलं. श्रीधरची विभागप्रमुखाची जागा तोवर भरली होती. नवे प्रमुख पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते.

मला बातमी गणपतीत कळली. आरतीची तयारी चालली होती, फोन वाजला, श्रीधरच्या बायकोने कसंबसं एक वाक्य पुरं केलं... श्रीधर आणि मी शहापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला, संशोधन आणि अध्यापन यांत नाव काढलं. मी धसईच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. नव्वदीच्या सुरुवातीला तो शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आमच्या शाळेत शिबिरं भरवू लागला. शिबिरं मोतीबिंदूची, पण त्याच्या लक्षात आलं ते भलतंच. शहापूर काय, मुरबाड काय, चांगल्या धडधाकट माणसांच्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. कापणी-झोडणीत भाताचं पातं नाहीतर कुसळ डोळ्याला लागतं, जखमेत बुरशी धरते. मग कुणीतरी लाली घालवणारे थेंब देतं. एका घरची बाटली आळीभर फिरते. लाली जाते. बुरशीला मात्र ते थेंब चांगलेच मानवतात, आणि लालीच्या मागोमाग डोळाही जातो.

त्याची शिकवण्याची रीत अशी, की विद्यार्थ्याने बॅटरी हातात घेण्याआधी समोरच्या माणसाशी बोलायचं: काय काम करता, कशानं लागलं, डोळ्यात काय घातलंत. तपासणीचं यंत्र आणलं असेल तर त्यात आधी स्वतःची हनुवटी टेकवून दाखवायची, म्हणजे माणूस बिचकत नाही. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने म्हातारीला ऐटीत विचारलं, "आजी, मी दिसतो का?"

"दिसतोस ना रे. दाढी करायची राह्यलीय ती पन दिसते."

"आजींची नजर उत्तम," श्रीधर म्हणाला. "आता तुमची तपासू या."

त्याचं मागणं साधं होतं. कापणीच्या दिवसांत धसईला एक खोली, बुबुळ मोठं करून दाखवणारा स्लिट लॅम्प आणि तो चालवणारा एक शिकलेला माणूस. जखम ताजी असताना दिसली तर डोळा वाचतो. संस्था म्हणाली, आधी सिद्ध करा. श्रीधरने कित्येक हंगाम जखमा खरवडून नमुने नेले, बशीत बुरशी वाढवली, निबंध लिहिले. परदेशातून बोलावणं आलं. परतल्यावर त्याने पुन्हा खोली मागितली. संस्थेच्या समितीने अभिनंदन केलं आणि सांगितलं की, विषय आता सिद्ध झाला असल्याने धसईत संशोधनाची गरज उरलेली नाही.

"मास्तर, मी सिद्धच करायला नको होतं," तो मला म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

त्याच हंगामात आमच्या शेजारच्या बारकीबाईंच्या डोळ्याला पातं लागलं. थेंब घालून झाले होते, मग मी त्यांना एसटीने मुरबाड, कल्याण करत मुंबईला नेलं. संस्थेत विद्यार्थ्यांची रांग लागली. एकेकाने वाकून यंत्रातून डोळा पाहिला. इतकं नमुनेदार उदाहरण बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं म्हणे. शेवटचा उठल्यावर बारकीबाईंनी श्रीधरला विचारलं, "सगल्यांचा बघून झाला ना, डाक्टर? आता मना दिसंल का?"

तो त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "या डोळ्यानं नाय दिसणार, बाई." आणि विद्यार्थ्यांकडे वळून, आवाज न चढवता, "आज तुम्ही जे इथं शिकलात ते धसईला शिकला असतात, तर यांचा डोळा राहिला असता." समिती मात्र राहिली. तो दर वर्षी खोली मागत राहिला, निवृत्ती जवळ आली तरी... आणि निवृत्तीआधीच गेला.

जिवंतपणी जे जमलं नाही ते त्याच्या मागे महिन्याभरात जमलं. आमच्या शाळेची जुनी प्रयोगशाळा रंगवून घेतली गेली, दारावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसली, आत नवाकोरा स्लिट लॅम्प आला. दसऱ्याला संचालकांनी फीत कापली आणि श्रीधरचं स्वप्न साकार झाल्याचं जाहीर केलं. यंत्र महागाचं, त्यामुळे दाराला संस्थेने आपलं कुलूप लावलं.

काल खिडकीतून डोकावलो. यंत्रावर प्लास्टिक आहे. हनुवटी टेकायच्या पट्टीवर उद्घाटनाचा हार कुणीतरी ठेवलाय, तो वाळलाय. तिथे पहिली हनुवटी डॉक्टरची टेकायची, हे त्या हाराला कुणी सांगावं?

धसईत कापणी सुरू झाली आहे. किल्ली मुंबईला आहे.